शाल नको, फोटो उतरवा

माझा बाप पेढ्याचा पुडा घेऊन होस्टेलच्या गेटात उभा होता आणि वॉचमन तोंडावर हात धरून हसत होता.

जिन्यावरून उतरताना मला आधी पुडा दिसला, मग बाप. अंगात लग्नाकार्याला घालायचा पांढरा शर्ट. काखेत पिशवी. तिच्यात मायनं दिलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ते नेहमीचंच. पेढे मात्र नेहमीचे नव्हते. बापानं कुणाला पेढे वाटलेले मी जन्मात बघितले नव्हते. माझ्या दहावीलासुद्धा साखरच वाटली होती.

"नंबर आला आन् बोलली न्हाईस व्हय गं?" बाप म्हणाला. तोंड असं फुललेलं की मला बघवेना. "चौकात एवढा मोठा फोटू लागलाय. रिक्षातून बघितला. तुझं नाव हाय, हार्दिक अभिनंदन हाय. रिक्षावाल्याला म्हणलं, थांब बाबा जरा, माझी लेक हाय ती. त्येनं बी पेढा खाल्ला."

लातुरात चौकात पोराचा फोटो लागतो तो नंबर आल्यावर. मेडिकलला लागलं, बोर्डात आलं, की फ्लेक्स. दुसऱ्या कशासाठी फोटो लागेल हे माझ्या बापालाच काय, कुणालाच सुचलं नसतं. म्हणजे वारल्यावरही लागतो. पण त्याच्याखाली अभिनंदन नसतं.

तेवढ्यात रेक्टर मॅडम आल्या. बापानं पुडा पुढं केला. त्यांनी पेढा घेतला नाही.

"अहो मामा, नंबराचा फोटो नाही हो तो. तुमच्या मुलीला डिप्रेशन आलं होतं. त्यातून बरी झाली म्हणून लावलाय. खाली लिहिलंय की मोठ्या अक्षरात."

बापाचा पुढं केलेला पुडा तसाच राहिला.

"आणि लाजायचं काय त्यात? तुमच्या लोकांत कोण करतं पोरींसाठी एवढं?"

तुमच्या लोकांत. बारकी होते तेव्हापासून ऐकत आले. तरी दरवेळी नव्यानं लागतं.

बापानं पुडा मिटला आणि सुतळी परत बांधायला लागला. भिंतीला ओळंबा लावणारे गवंड्याचे हात त्याचे, पण गाठ बसेना. वॉचमनचं हसणं थांबलं होतं. त्यानं हातातला अर्धा पेढा खिशात टाकला. बाप हळूच मला म्हणाला, "काय झालतं तुला?"

मायला माहीत होतं. बाप तेव्हा हैदराबादला बिल्डिंगच्या कामावर होता. तो आला की मी सवडीनं सांगते, असं माय म्हणाली होती. पण बाप रात्री घरी आला आणि सकाळीच पालक मेळाव्यासाठी लातूरची गाडी धरली; मायला सवड मिळायच्या आधी चौकानं सांगितलं.

आता मुळापासून सांगते. मला ह्याचा कंटाळा आलाय, खोटं कशाला बोलू. लई वेळा सांगून झालंय. ऐकणारा मान हलवतो, अरेरे म्हणतो आणि चहा मागवतो. पण सांगितल्याबिगर पुढचं कळणार नाही.

आमचं गाव बिलोली तालुक्यात. बाप गवंडी, माय दुसऱ्याच्या रानात खुरपायला. दहावीला मी तालुक्यात पहिली आले. तेव्हा लातूरच्या एका सरांचा फोन आला. सर म्हणजेच संस्था. कॉलेज त्यांचं, क्लास त्यांचा, होस्टेलही त्यांचंच. म्हणाले, तुझी फी माफ, राहणं-जेवण माफ, तू फक्त डॉक्टर हो. घरी बुद्धवंदना झाली. मायनं बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला आणि मला घट्ट धरून रडली.

लातूरला आले तर माझं नावच पडलं, बिलोलीची फ्रीवाली. मेसमध्ये पोळी वाढणाऱ्या बाईपासून केमिस्ट्रीच्या सरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक. "फ्री सीट हाय ना तुझी? मग मार्क कुठायत?" हे कुणीही विचारू शकत होतं. फुकटच्या माणसाला विचारायला परवानगी लागत नाही.

तिथं दर रविवारी परीक्षा. मार्कांवर बॅच ठरणार, बॅचवर हॉल. वरच्या बॅचला गारेगार हॉल, खालच्यांना पत्र्याचा. मार्क पडले की आपलं दप्तर, पाण्याची बाटली, बसायची उशी उचलायची आणि सगळ्यांदेखत खालच्या हॉलला चालत जायचं. जाताना पोरं बाकावर हलगीचा ताल धरायची. त्याला तिथं वरात म्हणायचे. सरांना ठाऊक होतं. म्हणायचे, लागू द्या थोडं मनाला, त्याशिवाय पोरं उठत नाहीत.

माझ्या मनाला लागलं. पण मी उठले नाही. माझी वरात निघतच राहिली, पत्र्याच्या हॉलात पोचेपर्यंत.

मग एका सकाळी अंथरुणातून उठवेना. ताप नव्हता, काही दुखत नव्हतं. उठून करायचं काय, एवढंच वाटायचं. डोक्याला फणी लागेना. ओळ वाचली की वाचल्या वाचल्या पुसून जायची. ताट समोर आलं की जेवून उठल्यासारखं वाटायचं. रडूसुद्धा येत नव्हतं. डोक्यात एकच घोकणं. मी फुकटची. फुकटचं खाते आणि मार्क पाडते. मी नसले तर एका पोरीची जागा तरी मोकळी होईल.

माझ्या खोलीत एक पोरगी होती. होस्टेलात गावाच्या नावानं हाक मारतात. ती देगलूरची. तिचं खरं नाव मी सांगणार नाही. फोनवर आईशी तेलुगू बोलायची, माझ्याशी मराठी, आणि भांडताना दोन्ही. त्या दिवसांत ती एकदा माझी फणी घेऊन माझ्या पाठीमागं येऊन बसली.

"ए बिलोली, डोस्कं बघ तुझं. चिमणीनं घर केलंय त्यात."

तिनं गुंता सोडवत सोडवत आख्खं डोकं विंचरलं, वेणी घातली. मग म्हणाली, "चल. त्या खोलीत जाऊ."

त्या खोलीचं सांगते. आदल्या वर्षी शहरातल्या दुसऱ्या एका होस्टेलात एका पोरानं जिवाचं बरंवाईट करायला बघितलं होतं. तेव्हापासून सगळे क्लासवाले हबकले होते. आमच्या सरांनी 'मनमोकळं' नावाची खोली काढली. एक समुपदेशक मॅडम नेमल्या. जे पोर गप्प गप्प राहतं, जेवत नाही, त्याच्यावर लक्ष ठेवा असं शिक्षकांना सांगितलं. पालकांना बोलावून समजावलं. खोलीच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलं, 'इथं बोललेलं इथंच राहील.'

ते काम चांगलं होतं. वाईटाला वाईट म्हणते तशी चांगल्याला चांगलं म्हणीन. मॅडमनी मला घाई केली नाही. मी पहिल्या दिवशी नुसती भिंतीकडं बघत बसले, त्यांनी बसू दिलं. मग मायला बोलावून घेतलं. आम्ही तिघी सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टर मायला म्हणाल्या, "हा आजार आहे बाई. पोरगी आळशी नाही आणि तिला बाहेरचंही काही नाही." मायनं सुटकेचा श्वास टाकला. गोळ्या सुरू झाल्या. खोलीत बोलणं सुरू झालं. कधीच कुणाला न बोललेलं बोलले. वरातीचं बोलले, फ्रीवालीचं बोलले, जागा मोकळी करण्याचं ते मनातलंही बोलले. हळूहळू झोप लागायला लागली. एक दिवस मेसच्या पांचट वरणाला चव लागली आणि मी ताटावरच रडले.

देगलूरची सगळं बघत होती. एकदा कपडे वाळत घालताना म्हणाली, "मला बी तसंच व्हतंय गं. लई दिवसापासून."

मी म्हणलं, "मग चल की आत्ताच."

"परीक्षा होऊ दे," म्हणाली. "मग जाते. नक्की."

परीक्षा झाली. आणि फ्लेक्स लागला.

त्याचं असं झालं. आपल्याकडं सत्काराशिवाय काही होतच नाही. साहेब आला की सत्कार, बदलून गेला की सत्कार. बोअरला पाणी लागलं तर बोअरवाल्याचाही सत्कार. सरांना तर सत्काराचं व्यसनच. खोली काढून वर्ष होत आलं, तेव्हा त्यांनी मॅडमना विचारलं, काही फायदा झाला का? एखादी यशस्वी केस द्या, पालक मेळाव्यात सत्कार करू, बाकीच्या पोरांना प्रेरणा मिळेल. मॅडमनी माझं नाव दिलं.

"मला वाटलं तुला आनंद होईल," त्या नंतर मला म्हणाल्या.

"मला विचारलं का न्हाई मग?"

त्या खाली बघून म्हणाल्या, "सर म्हणाले, फ्री सीटची आहे, ती कशाला नाही म्हणेल."

फ्लेक्सवर माझा आयकार्डावरचा फोटो. त्यात मी भेदरलेली दिसते. शेजारी सरांचा फोटो, माझ्या दुप्पट, काळा गॉगल लावून. खाली लिहिलेलं, नैराश्यावर मात करून पुन्हा अभ्यासाला लागल्याबद्दल आमच्या गुणी विद्यार्थिनीचे हार्दिक अभिनंदन. त्याखाली नाव. गाव. शुभेच्छुकांची रांग.

आता ऐका. त्या खोलीत मी एकटीच जात नव्हते. वरच्या बॅचमधला एक जण यायचा. शहरातल्या मोठ्या डॉक्टरांचा मुलगा. मागच्या दारानं यायचा, गाडी भिंतीला लावून. एकदा दोघं बाकावर बसलो होतो तेव्हा त्यानं विचारलं, "गोळीनं झोप येते का तुला?" मी म्हणलं, "येते." आमचं बोलणं एवढंच. तोही हळूहळू बरा होत होता. त्याचा फोटो कुठल्याच चौकात लागला नाही. लागायला नकोच होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मग माझा का लागला? मोठ्याच्या घरचं झाकून ठेवायचं आणि आमचं वेशीला टांगायचं. आमचं दुखणंसुद्धा आमच्या मालकीचं नाही.

फ्लेक्स लागला आणि मेसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. फ्रीवालीची आता डिप्रेशनवाली झाले. गावाकडच्या कुणीतरी लातूरला आलेल्यानं फोटो काढला, मोबाईलवर फिरवला. माय नळावर गेली तर बाया म्हणाल्या, पोरगी येडी झालती म्हणं. आता सोयरीक कशी जमायची? माय फोनवर मला हे सांगत नव्हती, पण आवाजावरून कळतंच की.

ते सगळं मी सोसलं असतं. सोसायची सवय आहे, पिढ्यान्‌पिढ्यांची. पण फ्लेक्स लागला त्याच दिवशी देगलूरची ताट तसंच ठेवून उठली. मी तिच्या मागं गेले.

"परीक्षा झाली. चल खोलीत."

"मला काय झालंय?" ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "मी बरी हाय."

"अगं, तूच म्हणाली होतीस ना?"

"मी काही म्हणले न्हाई." मग एकदम फणकारून, "माझ्या बापाचं दुकान हाय भर बाजारात. दोन बहिणी हायत लग्नाच्या. माझा फोटू लागला तर काय करू मी? सांग ना!"

ती भिंतीकडं तोंड करून पडली. पुढचे दिवस तशीच पडून राहायला लागली. मी त्या पडण्याला ओळखत होते. मी त्यातूनच उठून आले होते. एकदा मी तिच्या मागं फणी घेऊन बसले तर तिनं फणी भिरकावून दिली.

सगळ्यांनीच त्या खोलीकडं जाणं सोडलं. मॅडम दार उघडून एकट्या बसायच्या. एवढी चांगली सुरू झालेली गोष्ट, एका फ्लेक्सनं तिचं वाटोळं केलं. आणि देगलूरची तिथं जाणार नव्हती, आईला सांगणार नव्हती, माझंही ऐकणार नव्हती. मला रात्रंदिवस तीच भीती. तिचं काही बरंवाईट झालं तर?

बाप पेढे घेऊन आला तो शनिवार. सत्कार रविवारी. संध्याकाळी आम्ही बसस्टँडसमोरच्या हॉटेलात बसलो. मी बापाला सगळं सांगितलं. म्हणलं, मी शाल घेणार न्हाई.

बापानं चहाचा कप बाजूला सारला. दिवसभरात म्हातारा झाला होता.

"घे," म्हणाला. "वर्षभराचं राहिलंय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आपल्याला काय नवा हाय का? मी ठेकेदाराचं ऐकतो. तू सराचं ऐक. डॉक्टर हो आन् मग बोल काय बोलायचं ते."

"बाबा, देगलूरची जेवत न्हाई."

"तिचं काय आता मधीच?"

मी तिचंही सांगितलं. शाल अंगावर घेतली की ह्या होस्टेलातलं एकही पोर त्या खोलीत परत जाणार नाही. तीही नाही. बापानं सगळं ऐकलं. मग विचारलं, "तिच्या बापाला माहीत हाय का हे?"

"न्हाई."

"मला बी न्हवतं," बाप म्हणाला. गिऱ्हाईकं येत होती, जात होती. त्यानं चहा तसाच ठेवला आणि उठला. "तुला कळतंय ते कर, बाई. मी बसतो मागं."

रविवारी हॉल गच्च भरलेला. पालक, पोरं, वर स्टेजवर खुर्च्या. आणि प्रमुख पाहुणे कोण? तेच मोठे डॉक्टर. त्या पोराचे वडील. पोरगं समोर पहिल्याच रांगेत. डॉक्टरांनी भाषण केलं. म्हणाले, नैराश्य लपवू नका. लपवल्यानं आजार वाढतो. समाजानं मोकळं व्हायला हवं. टाळ्या पडल्या. पोरगं बुटाकडं बघत होतं.

मग सर उठले. "ही मुलगी कुठून आली?" असं करून सुरुवात. "झोपडीतून आली. जिथं मानसिक आरोग्य हा शब्द कुणी ऐकलेला नाही, अशा वस्तीतून आली."

झोपडी? आमचं घर पक्कं आहे. माझ्या बापानं विटेवर वीट ठेवून स्वतः बांधलंय. मला त्या घटकेला पहिला राग त्याचाच आला, बघा. मी मागं बघितलं. बाप शेवटच्या रांगेत ताठ बसला होता, पांढऱ्या शर्टात.

नाव पुकारलं. वर गेले. एका पोरानं ताट धरलं, त्यात शाल आणि नारळ. सरांनी शाल झटकून उलगडली, फोटोवाला पुढं सरकला. शाल माझ्या खांद्याला टेकायच्या आत मी मागं सरले.

"सर, शाल नको. फोटो उतरवा."

माईक जवळ होता. आख्ख्या हॉलला ऐकू गेलं.

सर हसले. "घाबरायचं नाही, बाळा." मग हॉलकडं वळून म्हणाले, "अजून थोडी ट्रीटमेंट बाकी आहे वाटतं."

हॉल हसला. पालक हसले, पोरं हसली, ज्या पोरींना मी वही दिली होती त्यासुद्धा हसल्या. वाटलं, घ्यावी शाल आणि उतरावं. तिसऱ्या-चौथ्या रांगेत देगलूरची बसली होती. ती हसत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती आणि तिचा चेहरा आदल्या हिवाळ्यातल्या माझ्या चेहऱ्यासारखा होता.

मी माईक ओढून घेतला.

"सर, तुमच्या भिंतीवर लिहिलंय, इथं बोललेलं इथंच राहील. मी तिथं बोललेलं चौकात कसं आलं?"

"अगं, यात लपवायचं काय? आत्ताच डॉक्टरसाहेब काय म्हणाले?"

परत टाळ्या. लपवायचं नाही. बरं. मनात म्हणलं, मग बोलवा की त्या पहिल्या रांगेतल्याला वर! घाला त्याच्या अंगावर शाल! लावा त्याचा फोटो, गॉगलवाल्या फोटोशेजारी! त्याचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. पोरानं मान वर केली. त्याला कळलं. तोंड पांढरं फटक पडलं त्याचं. माझ्या एका शब्दात सरांचं तोंड बंद झालं असतं, डॉक्टरांचं भाषण त्यांच्याच घशात गेलं असतं, हसणारा हॉल मुका झाला असता. लई मोह झाला. आजही आठवलं की जीभ शिवशिवते.

मी नाव गिळलं.

तो शब्द भिंतीवर त्यांनी लिहिला होता. पाळला मी.

"ज्याचं दुखणं त्यानं सांगावं," मी म्हणलं. "वाटलं तर सांगावं. दुसऱ्यानं न्हाई. मी सांगितलं नव्हतं." माईक ठेवला आणि खाली उतरले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कोण कशाला वाजवील?

सोमवारी सरांनी आम्हाला ऑफिसात बोलावलं. बसा म्हणाले नाहीत. फ्री सीट संपली. "उपकाराची जाणीव नाही. तुमच्या लोकांना वर काढायला जावं, तर हे असं." बाप हात जोडून उभा राहील, विनवण्या करील, असं मला वाटलं होतं. बापानं एवढंच विचारलं, "साहेब, त्यो बोर्ड तुम्ही उतरवता का मी उतरवू?"

"सध्या माणूस नाही त्याला," सर म्हणाले.

बांधकामाच्या परांचीवर जन्म गेलेल्या माणसाला चौकातला खांब किती? बापानं रसवंतीवाल्याचा कोयता मागून घेतला, वर चढला, दोऱ्या कापल्या. सर आणि मी दोघंही धाडकन खाली आलो. लोक बघत होते. बापानं फ्लेक्सची नीट घडी घातली. मी म्हणलं, फेका ना बाबा ते.

"फेकायचं कशाला? जाड हाय. मिरच्या वाळवायला व्हईल."

ट्रंक घेऊन होस्टेलच्या गेटात आलो तर देगलूरची पायात चपला घालून उभी होती. डोळे सुजलेले.

"नाव घेतलं न्हाईस तू," म्हणाली. "मला ठाऊक हाय त्यो पोरगा. मी बघितलाय त्याला तिथं. तू घेतलं न्हाईस."

मी ट्रंक खाली ठेवली.

"चल," ती म्हणाली. "पण त्या खोलीत न्हाई. सरकारी दवाखान्यात. आन् माझ्या आईला तूच फोन लाव, मला बोलता येईना."

तिची आई बसमध्ये बसली देगलूरहून. तोवर आम्ही तिघं दवाखान्यातल्या रांगेत. बापानं पुडा सोडला. पेढे कडक झाले होते. देगलूरचीनं एक घेतला आणि खाल्ला. तिचा नंबर आला तेव्हा ती एकटीच आत गेली आणि दार लावून घेतलं.

पुढं तिचं काय झालं ते मला विचारू नका. जित्ती हाय. बाकी तिचं तिच्यापाशी.

माझं विचाराल तर गोड शेवट नाही. मी डॉक्टर झाले नाही. वर्ष गेलं. दुखणं मध्ये एकदा परत आलं, परत गोळ्या घेतल्या. नांदेडला नर्सिंग केलं. आता आमच्याच तालुक्यात शाळाशाळांत जाते, वयात आलेल्या पोरापोरींशी बोलायला. जेवतेस का, झोप येते का, कुणाशी बोलावंसं वाटतं का. नोकरी कंत्राटी. एसटीच्या धुरळ्यात दिवस जातो. बोलून बोलून घसा बसतो, ऐकून ऐकून डोकं जड होतं, आणि घरी आले की मायशीसुद्धा बोलायला नको वाटतं. दमते मी.

बऱ्याच शाळांत खिडकीला नुसते गज. बाहेरून पोरं डोकावतात, आतली पोरगी गप्प होते. म्हणून मी पडदा नेते. तोच फ्लेक्स. पांढरी बाजू बाहेर. मिरच्यांनी त्याचा रंग उडालाय, सरांचा गॉगल तेवढा काळा राहिलाय. मिरचीचा खाट इतका की आल्या आल्या पोरी शिंकायला लागतात. मग हसतात. मग एखादी बघते आणि विचारते, "ताई, ह्या तुम्ही का?"

"हाव, मीच."

"का लावलता?"

मग सांगते. मी सांगते, माझं मी.

परवा एका शाळेत गेले. मुख्याध्यापक दारातच. स्टेज सजवलेलं, खुर्च्या मांडलेल्या, पेपरवाला कॅमेरा घेऊन उभा. टेबलावर शाल आणि नारळ.

"मॅडम, तुमच्यामुळं आमची एक मुलगी सावरली म्हणे. तिचा छोटासा सत्कार ठेवलाय. नाव तेवढं सांगा, वर्गातून बोलावून घेतो."

ते वाईट माणूस नाहीत. म्हणून तर जास्त दमायला होतं.

"न्हाई सांगत, सर."

"अहो, पोरीचं कौतुकच करायचंय."

"तिला वाटलं तर तिचं ती सांगंल."

त्यांनी माझ्या साहेबांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. साहेब म्हणाले, फोटो आला नाही तर काम झालं नाही असं धरू. वरून विचारणा होते. पुढच्या महिन्यात तुमच्या कंत्राटाची ऑर्डर निघायची आहे, विचार करा.

विचार केला. घर माझ्या पगारावर चालतं. बापाची कंबर गेलीय. सगळा विचार केला. खिडकीच्या गजाला फ्लेक्सच्या दोऱ्या बांधता बांधता केला.

"काम झालं न्हाई असंच धरा," म्हणलं. "मला काढायचं असंल तर काढा. नाव मिळणार न्हाई."

फोन परत दिला. पोरी आत आल्या, शिंकायला लागल्या. मी दाराला आतून कडी घातली.